भरावावरच्या घराचा विमा

चिपळूणच्या घराचा विमा काढलाय का, असं २०२४च्या एप्रिलपर्यंत मला कुणी विचारलं असतं, तर मी बिनदिक्कत हो म्हटलं असतं. फ्लॅटचं कर्ज घेताना बँकेत विम्याच्या कागदांवर सह्या केल्या होत्या. ६८ हजारांचा एकरकमी हप्ता कर्जातूनच वळता झाला होता आणि त्या फायलीवर कौलारू घराचं चित्र होतं. एका रविवारी कपाट आवरताना ती फाइल हाती लागली आणि पहिल्यांदा शेवटपर्यंत वाचली. तो माझ्या नवऱ्याच्या आयुष्याचा विमा निघाला. कर्ज फिटायच्या आत त्याचं काही बरंवाईट झालं, तर उरलेलं कर्ज विमा कंपनी फेडणार. असा विमा असणं चांगलंच आहे, त्याबद्दल तक्रार नाही. पण घरात पाणी शिरलं, आग लागली, भिंत पडली, तर त्या कागदावर एक रुपयाही मिळणार नव्हता.

बँकेत फोन केला. तिथल्या बाई म्हणाल्या, "मॅडम, ते लोन प्रोटेक्शन आहे. प्रॉपर्टीचा विमा वेगळा काढावा लागतो, तुमच्या करारात लिहिलंय तसं." करार काढून बघितला. लिहिलेलं होतं.

त्या रात्री मला झोप आली नाही. २२ जुलै २०२१ला आम्ही बाजारपेठेजवळच्या जुन्या तळमजल्याच्या घरात होतो. चिपळूणचं पाणी कसं चढतं ते इथल्या माणसाला सांगावं लागत नाही. सह्याद्रीत कोसळलेला पाऊस वाशिष्ठीतून उतरतो, गावातून शिव नदी तिला मिळते, आणि त्याच वेळी दाभोळच्या खाडीला भरती असली की उतरायला वाटच उरत नाही. सासूबाईंनी २००५च्या जुलैतला पूर पाहिलेला, त्यामुळे पाणी पायरीला लागल्याबरोबर त्या म्हणाल्या, "आता काय उचलायचं ते उचला गो, मग वेळ मिळायचा नाही." आम्ही देव, कागदांची पिशवी आणि औषधं घेऊन वरच्या मजल्यावरच्या शेजाऱ्यांकडे गेलो. पाणी दारावरच्या झडपेपर्यंत आलं.

चिखल काढल्यावर पंचनाम्याला माणसं आली. "काय काय गेलं?" असं त्यांनी विचारलं आणि मला सांगता येईना. फ्रिज, टीव्ही, गाद्या, एवढं तोंडात आलं. शिलाई मशीन, इन्व्हर्टर, सासूबाईंचं सागवानी कपाट, मुलीची पुस्तकं, वर्षाचं तांदूळ-कडधान्य, हे सगळं दुसऱ्या दिवशी आठवलं, तेव्हा ते रस्त्यावरच्या ढिगातून जेसीबीने डंपरमध्ये गेलेलं होतं. सरकारकडून १० हजारांचं सानुग्रह अनुदान मिळालं. त्या दिवसांत त्याचा आधारच वाटला. पण घर पुन्हा उभं करायला आम्हाला दोन वर्षं आणि माझ्या बांगड्या लागल्या.

म्हणून या वेळी मी ठरवलं, की विमा घ्यायचा तर प्रत्येक ओळ समजून घ्यायची.

नणंदेच्या ओळखीतले एक विमा प्रतिनिधी घरी आले. माणूस सज्जन आणि कामाला चोख. त्यांनी सांगितलं, की १ एप्रिल २०२१पासून विमा नियामक प्राधिकरणाने घरांसाठी एक प्रमाणित पॉलिसी ठरवून दिली आहे, तिचं नाव 'भारत गृह रक्षा'. सर्वसाधारण विम्याच्या कुठल्याही कंपनीकडे गेलात तरी तिची मूळ कलमं तीच. मला हे ऐकून हायसं वाटलं. कंपन्यांची तुलना करताना मग हप्ता आणि सोबतची जादा संरक्षणं एवढंच बघायचं उरतं. आग, वीज, भूकंप, वादळ, पूर, दरड, दंगल, पाण्याची टाकी किंवा पाइप फुटणं, हे सगळं मूळ पॉलिसीतच येतं. पुरासाठी वेगळं काही मागावं लागत नाही. चिपळूणकराला आणखी काय हवं, असं मला तेव्हा वाटलं.

पहिली अडचण आली रकमेवर. फ्लॅट आम्ही २८ लाखांना घेतला. प्रतिनिधींनी अर्जात २८ लाख लिहिले. मी विचारलं, "यात जागेची किंमत नाही का?" ते म्हणाले, "वहिनी, बँकेला कर्जाएवढा विमा दाखवायला बरं पडतं." मला पटेना. पुराने किंवा भूकंपाने जमीन जात नाही, बांधकाम जातं. पॉलिसीत हिशोबही तोच दिला आहे, चटईक्षेत्र, म्हणजे भिंतींच्या आतली वापरायची जागा, गुणिले बांधकामाचा चालू दर. आमचा फ्लॅट ६२० चौरस फूट. दोन ठेकेदारांना विचारून मी २२०० रुपये दर धरला. १३ लाख ६४ हजार झाले. जास्त रकमेचा विमा घेतला म्हणून नुकसानीपेक्षा जास्त पैसे कुणी देत नाही, हप्ता मात्र जास्त जातो. बँकेला मी हा हिशोब लेखी पाठवला. चार दिवसांनी त्यांनी तो मान्य केला.

कमी रक्कम धरली गेली तर काय, अशी भीती नवऱ्याला होती. पूर्वी ती खरी होती. घराच्या निम्म्या किमतीचा विमा असेल तर एक लाखाच्या नुकसानीला पन्नास हजारच हातात पडायचे, कारण उरलेला निम्मा धोका तुम्ही स्वतः पत्करला असं धरलं जाई. या पॉलिसीत ती कपात काढून टाकली आहे. विम्याच्या रकमेपर्यंत जेवढं नुकसान, तेवढी भरपाई. म्हणून मुद्दाम कमी लिहावं असं नाही, पूर्ण घर पडलं तर लिहिलेल्या आकड्यावरच गाडी थांबते. पण दराचा अंदाज थोडा चुकला म्हणून प्रत्येक दाव्यात कात्री लागणार नाही, एवढा दिलासा आहे.

घरातल्या सामानाला इमारतीच्या रकमेच्या २० टक्के संरक्षण आपोआप मिळतं, जास्तीत जास्त १० लाखांपर्यंत. आमच्या हिशोबाने ते २ लाख ७२ हजार ८०० झालं. "भरपूर आहे," प्रतिनिधी म्हणाले. मी त्यांना आठवडाभराची मुदत मागितली आणि खोलीखोलीत वही घेऊन बसले.

या यादीबद्दल मला जरा लांबण लावायची आहे. मी भिंतीला धरून चालत गेले, दाराच्या उजव्या हाताला सुरुवात करून पुन्हा दाराशी. कपाट उघडायचं, वरच्या कप्प्यापासून खाली यायचं. आपल्याला वाटतं घरात काय आहे ते ठाऊक आहे. मला माझ्या स्वयंपाकघरातल्या स्टीलच्या डब्यांचा आकडासुद्धा ठाऊक नव्हता. सासूबाई शेजारी बसून सांगत होत्या. तांब्याचं घंगाळ, पितळी परात, पुरातून धुऊन काढलेला पाटा-वरवंटा. मुलीने प्रत्येक वस्तूचा फोटो काढला, फ्रिज-वॉशिंग मशीनच्या मागच्या पट्टीवरचा नंबर टिपला, बिलं होती त्यांचे फोटो काढले आणि सगळं तिच्या पुण्यातल्या आत्याला व्हॉट्सॲपवर पाठवलं, म्हणजे आमचे फोन बुडाले तरी यादी कोरडी राहील. बेरीज ५ लाख ४० हजारांवर गेली. त्यात श्रीमंती काहीच नव्हती. दोन पलंग, सोफा, लॅपटॉप, इन्व्हर्टर, कपडे, अंथरुणं-पांघरुणं, भांडी. एवढंच आजच्या भावाने पुन्हा घ्यायचं म्हटलं तर एवढे लागतात. सामानाची रक्कम मी तेवढी लिहायला सांगितली. हप्त्यात फरक पडला तो एका गॅस सिलिंडरपेक्षाही कमी.

काय इमारतीत धरायचं आणि काय सामानात, यावरही घोळ झाला. कायमचं बसवलेलं, म्हणजे फरशी, ओटा, वायरिंग, नळ, हे इमारतीत. उचलून नेता येतं ते सामानात. दागिने मात्र सामानात येत नाहीत, मौल्यवान वस्तूंचं संरक्षण वेगळं मागावं लागतं. आमचं उरलंसुरलं सोनं बँकेच्या लॉकरात असतं, म्हणून ते घेतलं नाही. आणि खालच्या पार्किंगमधली स्कूटर यात अजिबात येत नाही. तिच्या विम्यात नुसतं थर्ड पार्टी, म्हणजे दुसऱ्याच्या नुकसानीपुरतं संरक्षण असेल तर पुरात गेलेल्या स्कूटरचं काहीच मिळत नाही, हे २०२१मध्ये आमच्या गल्लीतल्या कितीतरी जणांना कळलं.

मग मी अपवादांचं पान वाचायला घेतलं. प्रतिनिधी म्हणाले होते, "ते सगळं नेहमीचं असतं." जमीन खचणं आणि दरड यांना संरक्षण आहे, असं वर लिहिलेलं होतं. खाली बारीक अक्षरात, कशाला नाही ते होतं. नव्या बांधकामाचं नेहमीचं बसणं आणि तडे. सदोष बांधकाम. खोदाईमुळे झालेली हानी. समुद्राने किंवा नदीने केलेली धूप. आणि भराव टाकलेल्या जमिनीचं खचणं.

ते शेवटचे शब्द मी तीनदा वाचले. आमची इमारत भातखाचरावर उभी आहे. दहा वर्षांपूर्वी तिथे भात लावलेलं मी स्वतः पाहिलंय. डोंगर फोडून आणलेली तांबडी माती टाकून जागा रस्त्याच्या बरोबरीने आणली आणि त्यावर खांब घेतले. पुराच्या भीतीनेच हल्ली चिपळुणात भराव करून बांधतात. म्हणजे पुरापासून वाचण्यासाठी जे केलं, त्याचाच धोका पॉलिसीतून बाहेर. पूर आला आणि घरात पाणी शिरलं तर भरपाई आहे. पूर नसताना भराव बसला आणि भिंत तडकली तर नाही. प्रतिनिधींना हे वाचून दाखवलं, तेव्हा ते गप्प बसले आणि म्हणाले, "हे मला आजवर कुणी विचारलं नव्हतं." त्यांचा प्रामाणिकपणा मला आवडला. हा धोका विम्याने झाकला जाणार नाही एवढं समजल्यावर मी दुसरं काम केलं. बिल्डरकडून पायाचा नकाशा आणि माती परीक्षणाचा अहवाल मागवून घेतला. तो मिळायला तीन महिने आणि सहा फोन लागले.

धुपेचं कलम वाचताना मिऱ्या डोळ्यांपुढे आलं. रत्नागिरीजवळच्या त्या किनाऱ्यावर समुद्र जमीन खातो म्हणून धूपप्रतिबंधक बंधारा घालावा लागतो. समुद्र दिसतो म्हणून फ्लॅट किंवा रो-हाऊस घेणाऱ्याने हे एक कलम तरी सही करायच्या आधी वाचावं, असं मला मनापासून वाटतं.

ओल, बुरशी, गच्चीतून झिरपणारं पाणी, हेही नाही. पाइप फुटून एकदम पाणी आलं तर आहे, वर्षानुवर्षं पाझरून प्लॅस्टर फुगलं तर ती झीज. कोकणात अर्धी भांडणं गळतीवरून होतात, म्हणून मुद्दाम लिहिते.

माझी धाकटी बहीण दापोलीला रो-हाऊसमध्ये राहते. मी वाचत होते तेव्हा तिचा फोन आला आणि तिने तिची पॉलिसी मला पाठवली. ३ जून २०२०ला निसर्ग वादळ श्रीवर्धनच्या बाजूने किनाऱ्यावर आलं, तेव्हा दापोलीतही घरांची कौलं-पत्रे राहिले नाहीत. तिच्या शेजारच्या आवारातला फणस तिच्या छपरावर आडवा झाला होता. तेव्हा तिचा विमा नव्हता. या पॉलिसीत बाहेरून आदळणाऱ्या वस्तूचं नुकसान येतं आणि झाडाचा उल्लेख त्यात नावानिशी आहे. रो-हाऊसवाल्याला छप्पर, आवाराची चिऱ्याची भिंत, फाटक, मागची पत्र्याची शेड हे सगळं स्वतःच मोजून रकमेत धरावं लागतं, कारण त्याच्या डोक्यावर दुसऱ्याचा मजला नसतो. बहिणीने शेड आणि भिंत धरलीच नव्हती. तिने पॉलिसीत दुरुस्ती करून घेतली. तिच्या परसातल्या पोफळी-नारळ मात्र यात नाहीत, घराचा विमा घराचाच.

चोरीचं कलमही आम्ही दोघींनी फोनवरच वाचलं आणि दोघीही चकित झालो. मूळ पॉलिसीत चोरीला संरक्षण आहे ते फक्त पूर, आग, वादळ अशा घटनेमुळे आणि त्यानंतर सात दिवसांच्या आत झालेल्या चोरीला. एरवी कुणी कुलूप तोडून आत शिरला तर नाही. घरफोडीचं संरक्षण निराळं जोडावं लागतं. आमच्या इमारतीतल्या सोळा फ्लॅटपैकी पाच मुंबईकरांचे, गणपती आणि शिमग्याला उघडणारे. त्यांना हे सांगितलंच पाहिजे, आणि घर महिनोन्महिने बंद असतं हे अर्ज भरतानाच कंपनीला लेखी कळवायला सांगितलं पाहिजे, म्हणून मी सोसायटीच्या सेक्रेटरींकडे गेले. तिथून हे काम माझ्या एकटीचं राहिलं नाही.

सेक्रेटरींना मी विचारलं, "काका, सोसायटीने इमारतीचा विमा काढलाय ना?" ते म्हणाले, "बिल्डरने काढला असेल." कुणीच काढला नव्हता. सहकारी गृहनिर्माण संस्थेच्या आदर्श उपविधींत, म्हणजे सोसायटीच्या नियमावलीत, इमारतीचा आग आणि भूकंपासाठी विमा काढायला सांगितलेला आहे, आणि खर्च प्रत्येकाच्या बांधीव क्षेत्राच्या प्रमाणात वाटायचा, हेही. आमच्या उपविधींच्या छापील पुस्तकात ते होतं.

सप्टेंबरच्या वार्षिक सभेत विषय घेतला. तिसऱ्या मजल्यावरचे एक जण म्हणाले, "आमच्यापर्यंत पाणी येत नाही. आम्ही कशाला भरायचं?" त्यांचं म्हणणं अगदीच गैर नव्हतं, हप्त्याची झळ सगळ्यांनाच असते. मी त्यांना एवढंच विचारलं, की मीटरचा बोर्ड कुठे आहे, पाण्याचा पंप कुठे आहे, लिफ्टचा खड्डा कुठे आहे. तिन्ही तळाला. २०२१मध्ये ज्या इमारतींत वरच्या मजल्यावर थेंबभर पाणी गेलं नाही, तिथेही लोकांनी कित्येक दिवस अंधारात आणि बादल्यांनी पाणी चढवत काढले. मग एक वडीलधारे सभासद उभे राहिले. त्यांचं लहानपण पोफळी गावाकडचं. ११ डिसेंबर १९६७ची पहाट त्यांना आठवते, कोयनेचा भूकंप. "आई आम्हाला गोधडीसकट अंगणात घेऊन पळाली. भूकंप मजला बघत नाही रे बाबांनो," एवढंच बोलून ते बसले. ठराव झाला. समान वाटणी की क्षेत्रफळाप्रमाणे, यावर आणखी अर्धा तास गेला, शेवटी उपविधी वाचून दाखवल्यावर क्षेत्रफळाप्रमाणे ठरलं.

माझी पॉलिसी तोवर मे महिन्यापासून चालू होती. ती मी मुद्दाम एकाच वर्षाची घेतली होती. दहा वर्षांपर्यंतची घेता येते, पण सोसायटीचं काय ठरतं ते बघायचं होतं. इमारत आणि सामान मिळून, घरफोडी जोडून आणि १८ टक्के जीएसटी धरून हप्ता दीड हजाराच्या आत बसला. कागद आले त्या दिवशी तपासले, तर फ्लॅटचा क्रमांक चुकीचा पडला होता. १०२ऐवजी २०२. प्रतिनिधींना लगेच फोन केला आणि आठवड्यात दुरुस्तीचं पत्र मिळालं. तसंच राहिलं असतं तर पुरानंतर पाहणीला आलेल्या सर्वेअरला मी काय सांगितलं असतं?

सर्वेअरवरून आठवलं. आमच्या ओळखीच्या एका दुकानदारांचा २०२१मध्ये विमा होता. पण वास यायला लागला म्हणून त्यांनी भिजलेला माल पाहणीच्या आधीच, फोटो न काढता फेकला. नंतर किती माल होता यावर महिनोन्महिने वाद चालला. म्हणून आमच्या यादीच्या वहीच्या पहिल्या पानावर मी लाल शाईने लिहून ठेवलंय, आधी कंपनीला कळवणे, मग फोटो, मग साफसफाई.

सोसायटीची पॉलिसी ऑक्टोबरमध्ये सुरू झाली. तिच्यात सगळ्या फ्लॅटचं बांधकाम, जिना, गच्ची, टाकी, लिफ्ट, आवाराची भिंत असं सगळं धरलं आहे. त्यामुळे २०२५च्या मेमध्ये नूतनीकरणाच्या वेळी मला पुन्हा विचार करावा लागला. एकाच भिंतीचा विमा दोन ठिकाणी काढून भरपाई दुप्पट मिळत नाही. मग इमारत काढून टाकून मी नुसत्या सामानाचा विमा ठेवला. इमारत काढली की ते आपोआपचं २० टक्केही जातं, म्हणून सामानाची पूर्ण रक्कम नव्याने लिहावी लागली. वही काढली, पुन्हा भिंतीला धरून फिरले. मुलीचा नवा लॅपटॉप आणि घरघंटी वाढली होती. बँकेला सोसायटीच्या पॉलिसीची प्रत दिली, त्यांनी ती नोंदवून घेतली.

पाच मुंबईकरांपैकी तिघांनी घरफोडीचं संरक्षण घेतलं. उरलेल्या दोघांशी गणपतीत बोलणं झालं. त्यांच्या वह्या अजून व्हायच्या आहेत. शिमग्याला ते आले की मी त्यांच्याबरोबर खोलीखोलीतून फिरणार आहे.